विश्लेषण : चौघांच्या पटावर सर्वांत बलाढ्य भिडूच आधी का हरतो?

‘मॅजिक : द गॅदरिंग’ या काल्पनिक जादुई विश्वावरच्या पत्त्यांच्या खेळात दोघे समोरासमोर बसले की गणित जिंकते. त्याच पत्त्यांसह चौघे बसले की राजकारण सुरू होते. ‘कमांडर’ नावाचा हा चौघांचा प्रकार आज या खेळात सर्वाधिक लोकप्रिय मानला जातो. आता तो बक्षिसांच्या स्पर्धांतही उतरला आहे. तिथे नेमके कोणते डावपेच चालतात, २०२४ मध्ये चार पत्त्यांवर बंदी आल्यावर एवढा गदारोळ का झाला आणि चौघांचा खेळ खरोखर ‘स्पर्धात्मक’ होऊ शकतो का, याचा हा वेध.

खेळ नेमका काय?

रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाने तयार केलेला हा खेळ ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आणला. गारफिल्ड यांची पीएचडी गणितातली, तीही संयोगशास्त्रातली. म्हणजे कितीतून किती निवडण्याचे मार्ग किती, या प्रश्नातली. तेच या खेळाचे मर्म आहे. नेहमीच्या पत्त्यांत ५२ पानांचा एकच कॅट सर्वांसाठी असतो. इथे प्रत्येक खेळाडू हजारो पत्त्यांतून निवडून स्वतःचा कॅट घरूनच बांधून आणतो. त्यामुळे निम्मा खेळ पट मांडण्याआधीच झालेला असतो.

पत्त्यांचे ढोबळ प्रकार दोन. पहिला ‘लँड’, म्हणजे जमीन. एका पाळीत साधारण एकच जमीन खाली ठेवता येते आणि तिच्यातून ‘माना’ ही ऊर्जा मिळते. दुसरा मंत्रांचा. त्यात लढणारे प्राणी, शस्त्रे, समोरच्याचा प्राणी नष्ट करणारे आणि त्याचा मंत्र हाणून पाडणारे पत्ते येतात. ते वापरायला माना मोजावा लागतो. पहिल्या पाळीत एक, चौथ्या पाळीत चार, असा हा पगार हळूहळू वाढतो. हातचे पत्ते आणि दर पाळीचा माना या दोन तुटपुंज्या गोष्टींचा हिशेब म्हणजे हा खेळ.

दोघांच्या खेळाचे गणित काय सांगते?

दोघांच्या प्रचलित प्रकारात कॅट किमान ६० पत्त्यांचा असतो. एकाच नावाचे जास्तीत जास्त चार पत्ते ठेवता येतात, सुरुवातीला हातात सात पत्ते येतात आणि प्रत्येकाचे ‘आयुष्य’ २० गुणांचे असते. एखाद्या पत्त्याच्या चारही प्रती ठेवल्या, तर पहिल्या सातांत त्यातली किमान एक येण्याची शक्यता जवळपास ४० टक्के निघते. गंभीर खेळाडू हे आकडे पाठ ठेवतात. गेम थिअरीचे अभ्यासक आणि व्यावसायिक खेळाडू असलेले नेदरलँड्सचे फ्रँक कार्स्टन यांचे ‘कॅटमध्ये किती जमिनी हव्यात’ या विषयावरचे लेख जगभरचे खेळाडू कोष्टकासारखे वापरतात.

डावपेचांची दुसरी पायरी भूमिकेची. माइक फ्लोरेस यांनी १९९९ मध्ये लिहिलेला ‘हूज द बीटडाउन?’ हा लेख या खेळातला अभिजात लेख मानला जातो. त्याचे सार असे की, कोणत्याही सामन्यात एक जण हल्लेखोर असतो आणि दुसरा डाव लांबवणारा. दोघांपैकी ज्याला स्वतःची भूमिका ओळखता येत नाही, तो हरतो. ज्याचा कॅट उशिरा ताकद दाखवतो त्याने सुरुवातीला घाईने चढाई केली किंवा ज्याचा कॅट वेगवान आहे तो बचावात बसला, तर पत्ते चांगले असूनही डाव हातचा जातो.

तिसरी पायरी देवाणघेवाणीची. माझा एक पत्ता देऊन समोरच्याचा एक पत्ता घालवला, तर बरोबरी. माझ्या एका पत्त्याने त्याचे दोन गेले, तर फायदा. समोर एकच प्रतिस्पर्धी असल्याने त्याचे नुकसान म्हणजे आपोआप माझा लाभ. चौघे बसले की नेमके हेच समीकरण मोडते.

चौघे बसले की काय बदलते?

‘कमांडर’ची सुरुवात हौशी मंडळींनी केली. अलास्कातील ॲडम स्टॅली आणि त्यांच्या मित्रांच्या ‘एल्डर ड्रॅगन हायलँडर’ या घरगुती प्रकाराला पुढे शेल्डन मेनेरी या स्पर्धा-पंचांनी नियमांची चौकट दिली आणि तो जगभर नेला. कंपनीने त्यासाठी खास तयार कॅट विकायला काढले ते २०११ मध्ये. इथे कॅट १०० पत्त्यांचा असतो. त्यातला एक पत्ता ‘कमांडर’ म्हणजे सेनापती. तो सुरुवातीपासून सर्वांसमोर उघडा असतो आणि पटावरून गेला तरी दर वेळी दोन माना जादा मोजून पुन्हा बोलावता येतो. मूळ जमिनी सोडल्या तर कोणत्याही पत्त्याची दुसरी प्रत चालत नाही. आयुष्य ४० गुणांचे.

आता हिशेब पाहा. दोघांच्या खेळात जिंकायला २० गुणांचे नुकसान पुरते. इथे तिघांचे मिळून १२० गुण संपवायचे असतात, म्हणजे सहापट. सुसाट हल्ला करणारा कॅट एकाला पाडेपर्यंतच दमतो आणि उरलेले दोघे ताजेतवाने असतात. ठरावीक एक पत्ता पहिल्या सातांत येण्याची शक्यता जेमतेम सात टक्के. त्यामुळे एका पत्त्यावर विसंबणे सोडून एकाच कामाचे अनेक पत्ते ठेवावे लागतात. समोरच्याचा प्राणी हटवणारे दहा वेगवेगळे पत्ते ठेवले, तर त्यातला किमान एक सुरुवातीच्या हातात असण्याची शक्यता ५४ टक्क्यांच्या आसपास जाते.

सर्वांत मोठा बदल देवाणघेवाणीत होतो. एका खेळाडूने आपला पत्ता खर्च करून दुसऱ्याचा पत्ता घालवला, तर दोघेही एकेका पत्त्याने मागे पडतात. काहीही न करता बसलेले उरलेले दोघे पुढे जातात. ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण इथे अक्षरशः अंकगणित ठरते, फक्त लाभार्थी एकाऐवजी दोन असतात. म्हणूनच ‘सोर्ड्स टू प्लाऊशेअर्स’सारखा एका मानाचा उत्तम पत्ता हातात असूनही जाणकार खेळाडू तो पहिल्या दिसलेल्या प्राण्यावर उडवत नाही. याउलट पटावरचे सर्व प्राणी नष्ट करणारा ‘रॅथ ऑफ गॉड’ किंवा ‘प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला’ लागू होणारे पत्ते इथे जास्त मोलाचे ठरतात, कारण एकाच किमतीत ते तिघांवर काम करतात.

मग सर्वांत ताकदवान खेळाडूच आधी का हरतो?

याचे उत्तर एका जुन्या कोड्यात आहे. तिघे जण एकमेकांवर बंदुका रोखून उभे आहेत. दोघांचा नेम कधीच चुकत नाही आणि तिसऱ्याचा निम्म्या वेळा चुकतो. पाळी चिठ्ठ्या टाकून ठरते आणि त्याच क्रमाने फिरत राहते. वाचण्याची सर्वाधिक शक्यता कोणाची? उत्तर आहे, कच्च्या नेमबाजाची. त्याची शक्यता ५० टक्के आणि दोन्ही निष्णातांची प्रत्येकी फक्त २५ टक्के. कारण दोन्ही निष्णातांना खरी भीती एकमेकांची असते, त्यामुळे ते आधी एकमेकांनाच टिपतात. कच्चा भिडू आपली पाळी आली की मुद्दाम हवेत गोळी झाडतो. दोघांपैकी एक पडला की उरलेल्यावर पहिली गोळी त्याची असते.

‘कमांडर’च्या पटावर हेच घडते. ‘सोल रिंग’ या एका मानाच्या पत्त्यातून दर पाळीला दोन माना मिळतात. पहिल्याच पाळीत तो पडला, तर दुसऱ्या पाळीत इतरांकडे दोन माना असताना त्या खेळाडूकडे चार असतात. दोघांच्या खेळात ही आघाडी बहुधा निर्णायक ठरली असती. चौघांत मात्र त्याच क्षणी तिन्ही बोटे त्याच्याकडे वळतात. ‘बळी तो कान पिळी’ हा न्याय इथे उलटतो आणि बळी दिसणाऱ्याचेच कान आधी पिळले जातात.

त्यामुळे मुरलेला खेळाडू मुद्दाम दुसऱ्या क्रमांकावर राहतो. हातातले पत्ते भरपूर, पटावर मात्र बेताचे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे सूत्र तो पाळतो. ‘प्रोपगंडा’ हा पत्ता या मानसिकतेचे उत्तम उदाहरण. तो पटावर असला की त्या खेळाडूवर चाल करणाऱ्याला प्रत्येक प्राण्यामागे दोन माना मोजावे लागतात. तो कोणाला इजा करत नाही. फक्त ‘माझ्याऐवजी शेजाऱ्याकडे जा’ एवढेच सुचवतो.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची?

चौघांच्या खेळातला सर्वांत अवघड पेच हा. एका खेळाडूने विजय मिळवून देणारा मंत्र टाकला. तो रोखण्याची संधी उरलेल्या तिघांना पाळीच्या क्रमाने मिळते. रोखणारा आपला मौल्यवान पत्ता आणि माना गमावतो, वाचतात मात्र तिघेही. साहजिकच पहिल्याला वाटते, पुढचा रोखेल. दुसऱ्याला वाटते, तिसरा रोखेल. तिसऱ्याकडे पत्ताच नसेल, तर तिघेही हरतात. समाजशास्त्रज्ञ आंद्रेआस डीकमन यांनी १९८५ मध्ये या प्रकारच्या पेचाला ‘व्हॉलंटिअर्स डिलेमा’ म्हणजे स्वयंसेवकाचा पेच असे नाव देऊन त्याची गणिती मांडणी केली होती. इमारतीतला जिन्याचा दिवा गेला की तक्रार कोणी करायची, हा प्रश्न त्याच जातीचा.

स्पर्धेतला कसलेला खेळाडू या पेचाचे हत्यार करतो. आपल्या हातात तोडगा असूनही तो ‘मी वापरणार नाही’ असे जाहीर करून शेवटच्या खेळाडूवर भार ढकलतो. शेवटच्याने नकार दिला तर डाव सर्वांचाच संपतो. ही सरळ धमकी असते आणि नियमांत बसणारी असते.

‘रिस्टिक स्टडी’ हा पत्ता हाच पेच संथ गतीने मांडतो. कोणत्याही प्रतिस्पर्ध्याने मंत्र टाकला की एकतर त्याने एक माना जादा मोजायचा, नाहीतर पत्त्याच्या मालकाला एक पत्ता ओढू द्यायचा. मोजणाऱ्याचा तोटा लगेच आणि एकट्याचा, न मोजल्याचे नुकसान मात्र तिघांत वाटलेले. त्यामुळे प्रत्येक जण ‘या वेळी राहू दे’ म्हणतो आणि काही पाळ्यांत मालकाचा हात भरून वाहतो. हा पत्ता घातक ठरतो तो त्याच्यावर लिहिलेल्या मजकुरापेक्षा तिघांच्या आळसामुळे.

स्पर्धांमध्ये वाद कशावरून होतात?

मेंढीकोटमध्ये चौघेच असतात, पण जोड्या ठरलेल्या असतात. समोर बसलेला भिडू शेवटपर्यंत आपलाच असतो. ‘कमांडर’मध्ये भिडू दर पाळीला बदलतो आणि विजेता एकच असतो. यातून तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण हरणाऱ्याच्या हातातल्या निकालाची. स्वतः जिंकण्याची शक्यता संपलेल्या खेळाडूकडे शेवटचा तोडगा असेल, तर तो कोणाला रोखतो यावर विजेता ठरतो. त्याने रागाने निर्णय घेतला की विचाराने, हे पंच तपासू शकत नाही. दुसरी अडचण बरोबरीची. ‘मी याला रोखू शकतो, पण नंतर हरेन, त्यापेक्षा चौघे बरोबरी मान्य करू’ असा प्रस्ताव स्पर्धात्मक पटांवर सर्रास येतो. तिसरी संगनमताची. दोन मित्र एकाच पटावर आले आणि एकमेकांना सांभाळून खेळले, तर ती मैत्री की फसवणूक?

दोघांच्या खेळात यातला एकही प्रश्न एवढा टोकदार होत नाही. म्हणून ‘चौघांचा खेळ म्हणजे स्पर्धाच नव्हे’ असे म्हणणारा मोठा वर्ग आहे. हा आक्षेप निम्माच खरा आहे. वाटाघाट, विश्वासार्हता आणि योग्य वेळी शब्द देणे-पाळणे हीदेखील कौशल्ये आहेत. दहा डावांत शब्द पाळणाऱ्या खेळाडूशी अकराव्या डावात लोक करार करतात आणि शब्द मोडणाऱ्याशी करत नाहीत. प्रश्न कौशल्याच्या अभावाचा नाही. हे कौशल्य कोणत्या मर्यादेत वापरायचे, हे आधी लिहून न ठेवण्याचा आहे.

२०२४ मध्ये नेमके काय झाले?

‘कमांडर’चे नियम अनेक वर्षे कंपनी ठरवत नव्हती. मोजक्या स्वयंसेवकांची ‘कमांडर रूल्स कमिटी’ ते ठरवत असे. मेनेरी यांचे सप्टेंबर २०२३ मध्ये निधन झाले. त्यानंतर वर्षभराने, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, या समितीने ‘माना क्रिप्ट’, ‘ज्वेल्ड लोटस’, ‘डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट’ आणि ‘नादू, विंग्ड विस्डम’ या चार पत्त्यांवर बंदी घातली.

यातले पहिले तीन पत्ते अगदी सुरुवातीलाच भरमसाट माना देणारे. ‘माना क्रिप्ट’ फुकटात पडतो आणि दर पाळीला दोन माना देतो. ‘ज्वेल्ड लोटस’ही फुकटात पडतो आणि सेनापती बोलावण्यासाठी एकदाच तीन माना देतो. इतकी मोठी आघाडी मिळाली की इतर तिघांनी एकजूट करूनही तिला गाठणे कठीण होते, म्हणजे चौघांच्या पटाचा स्वाभाविक तोल उरत नाही. खेळाच्या दृष्टीने समितीचा तर्क पक्का होता.

पण पत्ते ही मालमत्ताही असते. ‘माना क्रिप्ट’ आणि ‘ज्वेल्ड लोटस’ यांच्या एकेका प्रतीची बाजारातली किंमत शंभर डॉलरच्या आसपास किंवा त्याहून अधिक होती. ‘ज्वेल्ड लोटस’ तर २०२० मध्ये ‘कमांडर’साठीच छापला गेला होता. एका रात्रीत त्यांचा मुख्य उपयोगच संपला आणि भाव कोसळले. संतापाची जागा शिवीगाळीने आणि मग थेट धमक्यांनी घेतली. बिनपगारी काम करणाऱ्या माणसांना पुठ्ठ्याच्या पत्त्यांसाठी जिवाच्या धमक्या आल्या. अवघ्या आठवडाभरात, ३० सप्टेंबरला, या प्रकाराचे व्यवस्थापन कंपनीकडे जात असल्याचे जाहीर झाले. छोट्या स्वतंत्र गटाच्या सुरक्षिततेचा प्रश्न हे त्यामागचे एक उघड कारण होते.

आता नियम कोण ठरवते?

कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘ब्रॅकेट’ पद्धत चाचणीसाठी आणली. कॅटची ताकद पाच पायऱ्यांत सांगायची. पहिल्या पायरीवर निव्वळ हौस, पाचव्या पायरीवर पूर्ण स्पर्धात्मक ‘सीईडीएच’. सोबत ‘गेम चेंजर’ पत्त्यांची यादी आली. त्यात ‘रिस्टिक स्टडी’ही आहे. पहिल्या दोन पायऱ्यांवर या यादीतला एकही पत्ता चालत नाही, तिसऱ्या पायरीवर तीनपर्यंत चालतात, त्यावरच्या पायऱ्यांना ही मर्यादा नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाच जुन्या पत्त्यांवरची बंदी उठवण्यात आली. २०२४ मधील चार मात्र त्यात नव्हते.

ही पद्धत सदोष आहे. तिसऱ्या पायरीचा म्हणून सांगितलेला कॅट प्रत्यक्षात चौथीचा निघू शकतो आणि खोटे बोलणाऱ्याला कोणतीही यादी रोखू शकत नाही. तरीही दिशा योग्य आहे, कारण ती खेळ सुरू होण्याआधी चौघांना बोलायला लावते. मोठा प्रश्न दुसराच आहे. पत्ते छापून विकणारी कंपनीच आता कोणता पत्ता अति ताकदवान, हे ठरवते. १९९९ पासून ही कंपनी ‘हॅस्ब्रो’ या खेळणी उद्योगाच्या मालकीची आहे. नव्या संचाची विक्री आणि पटाचा तोल यांत संघर्ष झाला, तर निर्णय कोणाच्या बाजूने जाईल, ही शंका रास्तच आहे. स्वयंसेवकांच्या समितीला असा स्वार्थ नव्हता. ज्यांनी धमक्या दिल्या, त्यांनी खेळाडूंच्या हातातले हे एकमेव स्वतंत्र व्यासपीठ स्वतःच मोडले.

पुढे काय व्हायला हवे?

चौघांच्या खेळाला खरोखर स्पर्धेचा दर्जा हवा असेल, तर तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, वाटाघाटींचे लिखित नियम. बरोबरीचा प्रस्ताव केव्हा मांडता येईल, पटाबाहेरची देवाणघेवाण म्हणजे काय आणि मित्रांची पटवाटणी कशी करायची, हे स्पर्धेच्या पत्रकातच असले पाहिजे. दुसरी, पैशाचा अडथळा कमी करणे. अनेक स्वतंत्र ‘सीईडीएच’ स्पर्धांत महाग पत्त्याऐवजी त्याची छापील नक्कल चालते. तिथे खिशापेक्षा डोके तपासले जाते. कंपनीच्या अधिकृत स्पर्धांत हे चालत नाही आणि त्याचे कारण खेळाइतकेच व्यापाराचेही आहे. तिसरी, बंदीचे निर्णय घेणाऱ्या गटात विक्रीशी संबंध नसलेल्या खेळाडूंना सल्ल्यापुरते न ठेवता प्रत्यक्ष मत असणे.

या खेळातला सर्वांत महत्त्वाचा डावपेच कोणत्याही पत्त्यावर छापलेला नाही. दोघांच्या खेळात समोरच्याला हरवले की पुरते. चौघांत मात्र आपल्याला हरवू शकणाऱ्या तिघांनी आपल्याला अजून का हरवलेले नाही, याचे भान सतत ठेवावे लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये हे भान पटाबाहेर सुटले. ज्यांच्या भरवशावर खेळ चालला होता त्यांनाच लक्ष्य करण्यात आले आणि नियम ठरवण्याचा हक्क सगळ्याच खेळाडूंच्या हातून गेला. पटावर शब्द पाळणाऱ्याला पुढच्या डावातही भिडू मिळतो. हा साधा नियम खेळाडूंनी पटाबाहेरही पाळला असता, तर त्यांची समिती आज कदाचित त्यांचीच राहिली असती.